चिपी ते पुणे, २९० किलोमीटर: एका प्रवासाचं प्रकरण

मी कणकवलीत तिकीट बुकिंगचं काम करतो. रेल्वे, एसटी, खासगी बस आणि हल्ली विमानाचीही तिकिटं काढतो. गेल्या पावसाळ्यातला हा प्रवास ज्या कुटुंबाचा आहे, त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा मात्र माझ्या वहीतल्या आहेत, जशा घडल्या तशाच.

पार्श्वभूमी

काकींचं वय सत्तरीच्या आसपास. मार्चमध्ये अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तीन महिने उलटले तरी दुखणं थांबेना. पुण्याच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी फोटो बघून प्रत्यक्ष तपासायला बोलावलं. जूनमधल्या सोमवारी सकाळी ११ ची वेळ मिळाली. इथल्या डॉक्टरांनी निघताना एकच गोष्ट बजावली होती: सलग दीड तासापेक्षा जास्त बसवायचं नाही, मध्ये आडवं करायचं.

मुलगा चिंचवडला नोकरीला. त्याने फोनवर दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं: "सिंधुदुर्ग ते पुणे २९० किमी, विमानाने २२ मिनिटं!" बावीस मिनिटं म्हटल्यावर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. काकी इतके दिवस म्हणत होत्या, "माझ्याच्यान आठ तास गाडयेत बसवूचा नाय." त्यासुद्धा तयार झाल्या. वर एक अट घातली, "माका खिडकी व्हयी."

मुलाने मला फोन केला तो ठरवूनच. "दादा, रविवारचं विमान बघा. आईला व्हीलचेअर सांगा. सकाळचं असेल तर उत्तम."

२२ मिनिटांचा हिशेब

अंतर बरोबर होतं. ते कागदावरही काढता येतं. चिपीचा, म्हणजे सिंधुदुर्गचा, विमानतळ जवळजवळ नेमका १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ अंशांवर. एका अक्षांशाचे साधारण १११ किलोमीटर धरले, तर उत्तरेकडे २८७ किलोमीटर होतात. पूर्वेकडचा फरक जेमतेम ४१ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की २९० येतात. वैमानिकाच्या भाषेत १५७ नॉटिकल मैल.

चूक पुढच्या पायरीत होती. त्या साइटने २९० ला ताशी ८०० ने भागलं होतं. मोठी जेट विमानं लांबच्या प्रवासात, उंची गाठल्यावर असा वेग धरतात. चिपीला येणारं विमान पंख्यांचं, सत्तरेक आसनांचं एटीआर ७२. त्याचा सरळ उडतानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात. त्या हिशेबानेही ३५ मिनिटं झाली. त्यातही संपूर्ण २९० किलोमीटर हे विमान त्या वेगाने जात नाही. सुरुवातीचा बराच भाग वर चढण्यात जातो आणि शेवटचा खाली येण्यात, आणि या दोन्ही वेळी वेग कमी असतो. वाटही सरळ रेघेसारखी नसते, ठरलेल्या बिंदूंवरून वळत जाते. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी आणखी एक फेरा. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तिथे लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात, त्यामुळे उतरायला रांग लागू शकते.

वेळापत्रकात म्हणूनच १ तास ५ मिनिटं लिहिलेली होती. ही वेळ चाकाखालची अडण काढल्यापासून दुसरीकडे अडण लावेपर्यंतची. पावसाळी वाऱ्याचा प्रश्नही मुलाने विचारला होता. तो वारा पश्चिमेकडून येतो आणि हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेला, त्यामुळे तो विमानाला आडवा लागतो. वेळेत त्याने फार फरक पडत नाही.

मग मी दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडला. कणकवलीहून कुडाळ, पुढे पाट-परुळ्याच्या बाजूने चिपी: सव्वा तास. विमानतळावर आधी पोचणं: दीड तास. उड्डाण: १ तास ५ मिनिटं. व्हीलचेअरच्या प्रवाशाला शेवटी उतरवतात, त्यात बॅगा: ३५ मिनिटं. लोहगाव ते चिंचवड: तास. एकूण जवळजवळ साडेपाच तास.

मुलगा थोडा हिरमुसला. पण मी त्याला सांगितलं की तरीही विमानच बरं दिसतंय, कारण काकींना गाडीत सलग बसावं लागणार ते दोन वेळा आणि दर वेळी सव्वा तासाच्या आत. रस्त्याने तेच आठ तास, थांबे धरून साडेनऊ.

माझाही एक आकडा इथे नीट पाहिला गेला नाही. विमानतळावरचा दीड तास मी 'पोचणं' म्हणून लिहिला. काकींसाठी तो दीड तास खुर्चीत बसण्याचा होता.

कोणते पर्याय होते

रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर आणि मग महामार्गाने पुणे, सुमारे ३४० किलोमीटर. घाटात पाऊस आणि धुकं, आणि कोल्हापूर ते सातारा सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते. एका दिवसात काकींना हे झेपलं नसतं. कोल्हापूरला त्यांची बहीण राहते, तिथे मुक्काम करून दोन दिवसांत जाणं शक्य होतं.

कोकण रेल्वेने पनवेलपर्यंत आणि पुढे द्रुतगती मार्गाने पुणे हाही विचार झाला. गाडीत आडवं होता येतं ही मोठी सोय. पण पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात, आणि पनवेलच्या गर्दीत दोन मिनिटांच्या थांब्यात अशा पेशंटला उतरवणं मलाच धोक्याचं वाटलं. तो विषय तिथेच संपला.

मोपा हा खरा तुल्यबळ पर्याय होता. गोव्याचा हा दुसरा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, दिवसभर विमानांची ये-जा. कणकवलीहून तो ८५ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन तास. चिपीपेक्षा अर्धा तास जास्त आणि डॉक्टरांच्या दीड तासाच्या बाहेर. म्हणून घरच्यांनी नको म्हटलं. मीही आग्रह धरला नाही.

राहिलं चिपी. इथून पुण्याचं विमान २०२४ च्या ऑगस्टअखेरीस सुरू झालं. आमच्या भागाला ही सेवा किती हवी होती, ते रात्रभर बसमध्ये अवघडून गेलेल्यांना विचारा. पण आम्हाला हव्या त्या आठवड्यात पुण्याकडे जाणारी सोयीची विमानं दोनच होती, शुक्रवारी आणि रविवारी, दोन्ही दुपारी साडेतीनची.

मी शुक्रवार सुचवला. चिपीचा विमानतळ समुद्राजवळच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर आहे. जूनमध्ये ढग त्या सड्याला टेकतात, हे परुळ्याच्या कोणालाही माहीत आहे. शुक्रवारी विमान चुकलं तर हातात दोन दिवस राहतात, रविवारी चुकलं तर एक रात्र. मुलाची अडचण वेगळी होती. त्याला रजा रविवारपासून होती, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शुक्रवारी आई आली तर तिला वर उचलून नेणार कोण आणि शनिवारी सांभाळणार कोण? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रविवार ठरला.

रविवारी काय झालं

व्हीलचेअरची सूचना ४८ तासांच्या आधी दिली होती. एटीआरचं प्रवासी दार मागच्या बाजूला असतं आणि त्याला चारपाच पायऱ्यांचा छोटा जिना असतो. त्या पायऱ्या काकींना चढता येणार नाहीत हे स्पष्ट कळवलं होतं. सोबत त्यांची लेक, म्हणजे ताई, होत्या. हा भाग सगळा व्यवस्थित झाला, कर्मचारी मायेने वागले.

साडेबाराला कणकवलीहून गाडी निघाली. १.५० ला चिपी. ड्रायव्हरला संध्याकाळी दुसरं भाडं होतं. ताईंनी मला फोन करून विचारलं, "गाडी थांबवू की सोडू?" मी म्हटलं, "बोर्डिंग पास मिळाला ना? मग कशाला थांबवता." दोन वाजता गाडी परत गेली.

लहान विमानतळावर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपलं विमान तिथे उभं नसतं. पुण्याहून जे येतं, तेच अर्ध्या तासात प्रवासी बदलून परत जातं. ते आलं नाही तर आपलं विमान नाही. पुण्याहून ते निघालं होतं, मी फोनवर त्याचा ठिपका पाहत होतो.

३.०५ ला ताईंनी सांगितलं की वर आवाज येतोय, पण दिसत काही नाही. उतरताना एका ठराविक उंचीपर्यंत वैमानिकाला धावपट्टी दिसावीच लागते. नाही दिसली तर पुन्हा वर जायचं, हा नियम आहे आणि तो आपल्याच जिवासाठी आहे. विमान वर गेलं. बाहेर सडा पांढरा झाला होता, काचेपलीकडचं गवत तेवढं दिसत होतं. साडेतीनला दुसऱ्यांदा आवाज आला, जवळ आला आणि लांब गेला. माझ्या फोनवरचा ठिपका थोडा वेळ घुटमळला आणि उत्तरेकडे सरकायला लागला. ३.४० झाले होते.

इथून पुढची पस्तीस मिनिटं मला आजही टोचतात. विमान परत चाललंय हे मला दिसत होतं. चिपीला मात्र अजून 'विलंब' एवढंच सांगितलं जात होतं, आणि लोक खिडकीशी उभे होते. मी ताईंना म्हटलं, "थोडं थांबू या, इंधन असेल तर परत वळेल." कशाच्या आधारावर म्हटलं? आशेच्या. ४.१५ ला उड्डाण रद्द झाल्याचं जाहीर झालं.

मग गाडीची शोधाशोध. आमचा ड्रायव्हर दुसऱ्या भाड्यावर गेलेला. चिपीला रिक्षा-टॅक्सी हात केला की मिळत नाही, त्यात सगळे प्रवासी एकदमच फोन करत होते. कुडाळहून ओळखीची एक गाडी मिळाली, ती पोचायला ५.४५ झाले. काकी १.५० पासून खुर्चीतच होत्या. म्हणजे जवळजवळ चार तास. शेवटच्या तासात त्यांनी बोलणंच सोडलं होतं. ताईंनी पिशव्या रचून त्यांचा पाय वर घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या खुर्चीत ते जमत नव्हतं.

पावणेसहाचा निर्णय

गाडीत बसल्यावर तीन वाटा होत्या. रातोरात पुणं गाठायचं, कोल्हापूरपर्यंत जाऊन मुक्काम करायचा, नाहीतर घरी जायचं.

चिपीला यायचं म्हणजे पुण्याच्या उलट दिशेला यायचं. कणकवलीहून निघताना हे कोणाच्या मनात येत नाही, कारण विमान कुठूनही उडालं तरी पुण्यालाच उतरणार असतं. ते रद्द झालं की ते ५०-५५ किलोमीटर परत कापून मग फोंडा घाट चढायचा. कोल्हापूर गाठायला रात्रीचे अकरा वाजले असते, घाटात अंधार आणि पाऊस.

मुलगा फोनवर अडून बसला होता: काहीही करून निघा, सोमवारी अकराची वेळ चुकली तर महिनाभर मिळणार नाही. तेव्हा ताईंनी एक साधा प्रश्न विचारला, "त्यांना फोन केलास का?" केला नव्हता. मीही सुचवलं नव्हतं. रविवार असूनही डॉक्टरांच्या सहायकाने फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत मंगळवारी दुपारी ४ ची वेळ दिली.

ज्या वेळेसाठी आम्ही शुक्रवार-रविवारचा काथ्याकूट केला, तीच हलवता येत होती. तिकीट काढण्याआधी हा फोन झाला असता तर आखणीच वेगळी झाली असती.

ती सगळी सव्वासातला घरी पोचली.

पुढे

सोमवारी सकाळी सात आसनी गाडी ठरवली. मधली आसनं पाडून गादी टाकली. दर तासाला थांबत दुपारपर्यंत कोल्हापूर, बहिणीकडे मुक्काम. मंगळवारी साडेसहाला निघून साडेबाराला पुणे. एकूण प्रवास साडेदहा तासांचा झाला, आणि काकी मला नंतर म्हणाल्या, "गाडयेत आडवी तरी पडलंय. थंय खुर्चेर नुसती ताटकाळलंय." सगळ्यात लांबचा पर्याय त्यांच्या खुब्याला सगळ्यात सोपा गेला होता. आमच्या कोणाच्याच कागदावर 'आडवं होता येईल असे तास' नावाचा रकाना नव्हता. तो असायला हवा होता आणि पहिला असायला हवा होता.

डॉक्टरांनी तपासलं. एक स्क्रू आतून टोचत होता, तो काढला. चौथ्या दिवशी काकी मुलाच्या घरी गेल्या.

पैशांचं सांगतो, कारण लोक तेच आधी विचारतात. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पैसे परत घ्यायचे की दुसरं विमान, ही निवड प्रवाशाची असते. यांना पूर्ण पैसे परत मिळाले. हवामानामुळे रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही. एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाण्यापिण्याची सोय करावी लागते. कुडाळहून आणलेल्या गाडीचा खर्च अर्थातच घरचाच.

कुठे वेगळं करता आलं असतं

शुक्रवार की रविवार, यावर घरात अजून वाद आहे. मला रविवारचा निर्णय तितकासा चुकीचा वाटत नाही. तिसऱ्या मजल्याचा प्रश्न खरा होता. चूक झाली ती रविवार घेतल्यावर त्याला लागणारी जोडणी न केल्याची.

गाडी सोडायला सांगणं ही माझी चूक. विमान जमिनीवरून उठेपर्यंत गाडी थांबायला हवी होती. ड्रायव्हरने थांबण्याचे सात-आठशे रुपये घेतले असते. ती गाडी असती तर नुसता परतीचा वेळ वाचला असता असं नाही, वाट पाहतानाही काकींना मागच्या सीटवर आडवं करता आलं असतं. आता पेशंट असेल तर मी गाडीचं भाडं 'उड्डाण होईपर्यंत' असंच ठरवतो आणि ते तिकिटासोबतच सांगतो.

दुसरं, थांबण्याला घड्याळ लावलं नव्हतं. विमान दोनदा येऊन परत वळलं तेव्हाच, ३.४० ला, निघायचं ठरवायला हवं होतं. विमान आलंच नाही तर किती वाजता निघायचं, ती वेळ घरातून निघण्यापूर्वीच कागदावर हवी. ऐनवेळी ती कोणालाच ठरवता येत नाही, कारण सगळे आवाज ऐकत असतात.

मोपाबद्दल माझं मत बदललं आहे. पावणेदोन तासांचा रस्ता नियमात बसत नाही म्हणून आम्ही तो खोडला. पण सावंतवाडीला दहा मिनिटं थांबून काकींना आडवं केलं असतं तर तो बसला असता. आणि एक विमान हुकलं तर तिथून दुसरं बघता येतं. चिपीला पुढचं विमान तीन दिवसांनी होतं. कोरड्या दिवसांत मी आजही चिपीच सांगतो. जून-जुलैत, तब्येतीचं काम असेल तर मोपा.

आणि डॉक्टरांना फोन. तो तर पहिलाच.

परतीचा प्रवास

पाऊस सरल्यावर काकी पुण्याहून चिपीला विमानानेच आल्या. मुलाने या वेळी २२ मिनिटं लिहिली नाहीत. त्याने ग्रुपवर टाकलं: घर ते घर साडेपाच तास, डॉक्टरांची पुढची वेळ पंधरा दिवसांनी, गाडी लोहगावला थांबलेली आहे, विमान उडाल्यावरच ती जाईल. काकी स्वतः पायऱ्या चढल्या, एका हाताने कठडा धरून, मुलाला मागे ठेवून.

विमान वेळेआधी तीन मिनिटं टेकलं. चिपीला मीच गेलो होतो आणायला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, खिडकी मिळाली का? मिळाली होती, पण पंख्याच्या शेजारची. अर्धा वेळ त्यांना तो पंखाच दिसला. मग खाली उतरताना विमान कलंडलं आणि समुद्र दिसला. "केदो दर्या गो तो," त्या लेकीला फोनवर सांगत होत्या, आणि परुळं मागे पडेपर्यंत तेच सांगत होत्या.